पहिल्या फेरीचा जावई

माझ्या साडूंनी आजवर एकही माणूस एकटा असा पाहिलेला नाही. कुणीही समोर आलं की त्यांच्या मनात लगेच त्याच्या शेजारी दुसरा कुणीतरी येऊन उभा राहतो, बहुधा दोन वर्षं अलीकडचा किंवा दोन वर्षं पलीकडचा, आणि मग साडू दोघांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायला लागतात. माझी मुलगी जन्मली तेव्हा हॉस्पिटलात सगळे 'नाक आईचं, कपाळ बापाचं' करत होते. साडू पाळण्यावर वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्या मोठीपेक्षा आवाज चांगला लागलाय. पण इतक्यात काही बोलू नये. तिसऱ्या वर्षी काय ते कळेल." मुलगी आता शाळेत जाते, पण माझी बायको ते वाक्य अजून विसरलेली नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघंही सिडनीत. ते टूनगॅबीला राहतात, मी वेंटवर्थव्हिलला, म्हणजे मधे एक स्टेशन आणि एक किराणा दुकान. या देशात येऊन माणसाने खेळाचं वेड लावून घ्यायचं म्हटलं तर सोय भरपूर आहे. उन्हाळाभर क्रिकेट, हिवाळाभर दोन-तीन जातींचे फुटबॉल, आणि त्यावर वाद घालायला ऑफिसातला प्रत्येक जण तयार. साडूंना यातलं काहीच चाललं नाही. त्यांनी निवडला अमेरिकन फुटबॉल, जो आमच्या अख्ख्या भागात त्यांच्याशिवाय कुणी बघत नाही. त्याचं असं झालं, की इथे आल्या आल्या त्यांच्याकडे एका अमेरिकन क्लायंटचे सर्व्हर सांभाळायचं काम होतं. फोनवर तिकडची माणसं आधी सामन्याबद्दल बोलत आणि मग सर्व्हरबद्दल. सर्व्हर का झोपला हे सांगायच्या आधी आपल्यालाही सामना कळला पाहिजे, म्हणून साडूंनी तो खेळ अभ्यासाला घेतला. पुढे सर्व्हर सुधारले, क्लायंट गेला, अभ्यास तेवढा राहिला.

त्यातही त्यांना सामन्याच्या निकालात फारसा रस नव्हता. त्यांचा विषय एकच : कोवळे क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा म्होरक्या. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, तो कुणाकडे फेकायचा हे ठरवायला त्याला दोन-तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात समोरून म्हशीएवढी चार माणसं त्याला आडवा करायला धावत येतात. हे क्वार्टरबॅक येतात ड्राफ्टमधून. दर वर्षी कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं सगळे संघ फेऱ्या लावून, आळीपाळीने एकेक करून उचलतात, आणि गेल्या मोसमात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिला मान. साडूंनी मला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा कळवळून म्हणाले, "म्हणजे बघ, बोर्डात पहिला आलेला मुलगा. आणि त्याला ॲडमिशन कुठे? तर ज्या शाळेचा निकाल शून्य टक्के लागला तिथे!"

तर अशा एका वर्षीच्या ड्राफ्टमधला पहिला पोरगा आणि त्याच्या दोन वर्षं नंतरच्या ड्राफ्टमधला पहिला पोरगा, या दोघांत सरस कोण, यावर साडू बोलत. खऱ्या नावांशी माझी जीभ झगडते हे बघून त्यांनी माझ्या सोयीसाठी एकाला 'थोरला' आणि दुसऱ्याला 'धाकटा' अशी नावं दिली. जग धाकट्याच्या बाजूने होतं, कारण धाकटा जिंकत होता. थोरल्याचा संघ हरत होता, आणि थोरला दर सोमवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या रविवारी, चिखलात पालथा पडलेला दिसत होता. साडू थोरल्याच्या बाजूने होते. त्यांचं म्हणणं होतं की वेगवेगळ्या वर्षांच्या मुलांची तुलना करताना मुलाकडे बघायचंच नाही, त्याच्या पुढच्या फळीकडे बघायचं. क्वार्टरबॅकला वाचवायला पुढे जे पाच धिप्पाड गडी उभे असतात ती फळी. "फळी गळकी असेल तर पोर काय करणार? त्याला बिचाऱ्याला मान वर करायला तरी वेळ मिळतो का?"

फळीचा हा सिद्धांत पुढे साडूंनी सगळीकडे लावला. वेंटवर्थव्हिलच्या एका हॉटेलात मिसळीचा आचारी बदलला तेव्हा आम्ही सगळे नव्याला नावं ठेवत होतो. साडू उठून किचनच्या दारापर्यंत गेले, आत डोकावून आले आणि म्हणाले, "जुन्याच्या हाताखाली तिघं होते. हा एकटा आहे. मी याला पुढच्या हिवाळ्यापर्यंत वेळ देणार." आणि दिला! पुढच्या हिवाळ्यापर्यंत दर शनिवारी ते ती अळणी मिसळ न चुकता खात राहिले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मुलांनी नाटुकलं केलं. शिवाजी झालेला मुलगा तलवार उपसता उपसता संवाद विसरला आणि आईकडे बघून म्हणाला, "मम, व्हॉट्स नेक्स्ट?" सभागृह हसत असताना साडू माझ्या कानाशी लागले. "दोन वर्षांपूर्वीचा शिवाजी बरा होता असं आता लोक म्हणतील. पण त्याच्याकडे मावळे कसले होते बघ. याचे मावळे केव्हाचे चिप्स खातायत." नाटक संपल्यावर ते त्या रडवेल्या मुलाला शोधत गेले आणि त्याच्याशी हात मिळवून "गुड सीझन, मेट," म्हणाले. मुलाला काही कळलं नाही, पण त्याचं रडणं थांबलं.

आता आमच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. सासरे सांगलीचे, सहकारी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना तीन मुली, आणि त्यातल्या दोघींचे नवरे म्हणजे साडू आणि मी. साडू इंजिनिअरिंगला विद्यापीठात वर आलेले, कंपनीने बोलावून, विमानाचं तिकीट पाठवून इथे आणलेले. मी फी भरून शिकायला आलेला, संध्याकाळी पेट्रोल पंपावर उभा राहून पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळवलेला, आणि आता कौन्सिलच्या बागा-खात्यात असलेला. सासरे सांगलीत माझ्याबद्दल 'गव्हर्नमेंटमध्ये आहे' एवढंच सांगतात, त्यात झाडं येऊ देत नाहीत. आमच्यात कुणी सरस आहे असं त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही. त्यांना ते म्हणावंच लागलं नाही. ते साडूंना 'तुम्ही' म्हणायचे आणि मला 'तू'.

गेल्या वर्षी सासरे व्हिजिटर व्हिसावर आले आणि अर्थातच थोरल्या मुलीकडे, म्हणजे ताईकडे, टूनगॅबीला उतरले. ताई कामाला, मुलं शाळेत, घरात उरले साडू, कारण साडू घरून काम करायचे. सोमवारी सकाळी एका स्क्रीनवर ऑफिस आणि दुसऱ्या स्क्रीनवर फुटबॉल असा त्यांचा संसार असे. सासरे करमत नाही म्हणून शेजारी बसायला लागले आणि बघता बघता त्यांनाही मत आलं. त्यांचं मत धाकट्याला पडलं.

"हा मुलगा मला पसंत आहे," सासरे म्हणाले. "सामना संपला तरी याचे कपडे स्वच्छ असतात."

"बाबा, त्याची फळी मजबूत आहे म्हणून कपडे स्वच्छ आहेत!" साडू खुर्चीतून अर्धे उठले. "त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नाही. आमच्या थोरल्याला तिथे उभा करा, मग बघा."

"तसं नसतं. काही मुलांना वळणच असतं. बँकेतही मी बघितलंय. संध्याकाळी काहींच्या शर्टाची इस्त्री तशीच असायची."

यावर त्यांचा वाद दुपारच्या जेवणापर्यंत चालला. मी ताईसाठी कढीपत्त्याचं रोप घेऊन गेलो होतो, तर दोघांनी मला पंच म्हणून बसवून घेतलं. मी म्हणालो, मला दोघंही सारखेच दिसतात. त्यावर दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. त्या नजरेपुरतं त्यांचं एकमत होतं.

मग साडूंची नोकरी गेली. कंपनीत फेररचना झाली आणि त्यांची पोझिशन रिडंडंट ठरली. त्यांना निरोप देणारा मॅनेजर त्यांच्यापेक्षा बऱ्याच वर्षांनी लहान, साडूंनीच एकेकाळी काम शिकवलेला. साडूंनी हे ताईला सांगितलं, मला सांगितलं, आणि बाबांना सांगायचं नाही असं बजावलं. गंमत अशी की बाबांना कळायचं काही कारणच उरलं नव्हतं. साडू पूर्वीसारखे सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याच खुर्चीत बसत, समोर तोच लॅपटॉप, बाजूला तोच टीव्ही. माणूस कामावर आहे की कामावरून काढलेला आहे, यातला फरक शेजारी बसलेल्या सासऱ्यांना महिनाभर ओळखू आला नाही. साडू अर्ज करत होते. सासरे अधूनमधून कौतुकाने विचारत, "आज मीटिंग नाही का?" आणि साडू म्हणत, "आत्ताच झाली."

त्याच सुमारास थोरल्यालाही त्याच्या संघाने खाली बसवलं. मी त्या सोमवारी रजेवर होतो म्हणून गेलो होतो. सामना सुरू झाला तर मैदानात दुसराच कुणी पोरगा, आणि थोरला कडेला बाकावर, अंगावर कोरा करकरीत गणवेश. सासरे चहा ओतता ओतता म्हणाले, "बघा, आज याचेही कपडे स्वच्छ आहेत." एरवी साडूंनी यावर दुपारपर्यंत भांडण काढलं असतं. त्या दिवशी ते नुसतं "हो" म्हणाले. कॅमेरा बाकावरून हलला तरी ते स्क्रीनच्या त्याच कोपऱ्यात बघत राहिले. त्या दिवशी घरीच असलेल्या ताईने आतून मला खूण केली, बोलू नकोस अशी. मी कढीपत्त्याला पाणी घालायला बाहेर गेलो.

याच दिवसांत धाकट्या मेव्हणीने, सिडनीतच शिकलेल्या ईशाने, जाहीर केलं की तिने मुलगा पसंत केलाय. मुलगा नाशिकचा, नाव ओंकार. इथे तिच्याच युनिव्हर्सिटीत होता, आता कालगुर्लीला असतो. कालगुर्ली म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, सोन्याच्या खाणींचं गाव. पर्थला उतरून पुन्हा अख्खा दिवस गाडी हाकली की येतं. "खाणीत इंजिनिअर का?" सासऱ्यांनी आशेने विचारलं. ईशा म्हणाली, "नाही बाबा, हॉस्पिटलमध्ये आहे." सासऱ्यांचा चेहरा उजळला. "डॉक्टर!" "नर्स," ईशा म्हणाली. सासरे उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ समोरच्या घराचं छप्पर बघत बसले.

ओंकारला रविवारी दुपारी टूनगॅबीला बोलावलं. सासऱ्यांनी परीक्षेचं सगळं काम साडूंवर सोपवलं होतं, कारण तुलना करणारा एवढा अनुभवी माणूस घरात असताना दुसरा शोधायला कशाला जायचं? मुलगा आला. उंच, सावळा, रात्रभराचा प्रवास करून आल्याने डोळे लाल, हातात कालगुर्लीच्या बेकरीतला केक. साडूंनी त्याला समोर बसवला आणि पहिलाच प्रश्न केला, "पंजा दाखव." अमेरिकेत ड्राफ्टच्या आधी क्वार्टरबॅकच्या हाताचा पंजा मोजतात, कारण चेंडू हातात नीट बसला पाहिजे. ओंकारने मुकाट्याने हात पुढे केला. साडूंनी त्याची बोटं ताणून बघितली. सासऱ्यांनी पुढे वाकून विचारलं, "तुम्हाला हातही बघता येतो? आयुष्यरेषा कशी आहे?"

"जिजू, प्लीज!" ईशा ओरडली.

"थांब गं. ओंकार, मला सांग, एकाच वेळी चार जण तुझ्या अंगावर आले तर आधी कुणाकडे बघतोस?"

कुणीही गोंधळला असता. ओंकारने मात्र गंभीरपणे विचार केला. "जो ओरडत नाहीये त्याच्याकडे," तो म्हणाला. "इमर्जन्सीमध्ये ओरडणारा पेशंट बहुतेक वेळा वाचतो. गप्प पडलेल्याकडे आधी जावं लागतं."

साडूंनी त्याचा हात सोडला.   सासऱ्यांना राहवेना. "मग काय ठरलं तुमचं? तुमच्या तोडीचा आहे का?"

"बाबा, तुलना करायची तर नीट करू," साडू म्हणाले. "मी आलो तेव्हा मला मागवून आणलं. विमानतळावर माझ्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा होता. हा," ते माझ्याकडे वळले, "हा आला तेव्हा याला कुणी घ्यायला आलं नाही. पंपावर उभा राहिला, पण राहिला. आणि हा ओंकार. याला तर शहरात कुणी उचललंच नाही. मग जिथे कुणी जात नाही तिथे हा आपण होऊन गेला."

"ते सगळं खरं. पण नंबर कसा लावायचा?"

"मी कसा लावू, बाबा? मलाच खाली बसवलंय."

"म्हणजे?"

"कंपनीने सोडलं मला. महिना होत आला."

ईशाने ताईकडे पाहिलं. ताईने मान खाली घातली. सासऱ्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सवयीने पँटच्या कडेला पुसला, परत घातला. "आणि मी रोज मीटिंगचं विचारत होतो."

"तुम्ही विचारायचात. मग मला झाली म्हणावं लागायचं."

मला वाटलं, आता सासरे उठून बाल्कनीत जाणार. पण ते उठले ते साडूंच्या सोफ्याकडे गेले आणि त्यांच्या अगदी शेजारी, जागा नसताना, सरकून बसले. मग म्हणाले, "महिनाभर एकटाच खेळत बसलास? आणि आम्ही काय नुसते प्रेक्षक होय रे?"

इतक्या वर्षांत त्यांनी साडूंना पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. साडू केक कापायला लागले, आणि त्यांनी तो फारच वाईट कापला.

थोड्या वेळाने सासरे ओंकारकडे वळले. त्यांच्या आवाजात पुन्हा बँक आली होती. "काय हो, तुमच्या त्या गावात कॉम्प्युटर आहेत का?"

"भरपूर आहेत, काका. माणसं नाहीत." ओंकार केकचा चुरा वेचत म्हणाला. "खाणवाले सिस्टिम्सची माणसं सारखी शोधत असतात. कुणी तिकडे यायलाच तयार नसतं. मी विचारून बघू का?"

साडूंच्या ज्या अर्जांची उत्तरं सिडनीत महिनाभर आली नव्हती, त्यातलाच एक कालगुर्लीला गेला आणि लगेच फोन आला. निवड झाल्यावर साडू मला म्हणाले, "आपली निवड कुणी केली माहितीये? ज्यांच्याकडे दुसरं कुणी जात नाही त्यांनी," आणि पोट धरून हसले. सासऱ्यांनी ईशाच्या लग्नाला होकार दिला तो त्याच आठवड्यात. सांगलीला फोनवर ते सांगत होते, "थोरले सोन्याच्या खाणीत, धाकटे मेडिकल लाइनमध्ये, आणि मधला गव्हर्नमेंटमध्ये." ऐकणाऱ्याचा असा समज झाला असेल की खाण आमचीच आहे.

साडू पुढे एकटे गेले. मुलांची शाळा संपली की ताईनेही तिकडे जायचं असं ठरलं. पहिले काही दिवस ते ओंकारच्या खोलीतच राहिले. ओंकारचे मेसेज मला येत. शिफ्टवरून थकून आलं की जिजू त्याला सोफ्यावर बसवून यंदाच्या ड्राफ्टची गेल्या ड्राफ्टशी तुलना समजावतात. तो झोपला तरी थांबत नाहीत. एकदा त्याने लिहिलं, "काल मी जागा होतो. त्यांना वाटलं झोपलो. एकदम गप्प झाले आणि टीव्ही बंद करून अंधारात बसून राहिले. मग मीच विचारलं, थोरल्याचं पुढे काय झालं? तेव्हा परत सुरू झाले." मी लिहिलं, "थँक्स, मेट." 

सासरेही परत गेले. टूनगॅबीच्या घराचं गवत वाढलं म्हणून एका सोमवारी सकाळी मी माझं गवत कापायचं मशीन घेऊन ताईकडे गेलो. दार उघडंच होतं. आत टीव्ही चालू, आवाज बंद. ताई ऑफिसचे कपडे घालून, हातात चहा घेऊन सोफ्याच्या टोकाला बसली होती. मी तिला तो खेळ बघताना कधीच पाहिलं नव्हतं.

"ताई, तुम्ही कधीपासून बघायला लागलात?"

"बघतेय कुठे," ती म्हणाली. "तिकडे कालगुर्लीला आत्ता उजाडत असेल. कामावर जायच्या आधी हा बघत असणार. मग इकडे कशाला बंद ठेवायचा?"

मी बूट काढून शेजारी बसलो. स्क्रीनवर सगळेच हेल्मेट घातलेले, सगळेच एकसारखे.

"यातला आपला कुठला रे?" ताईने विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. पांढऱ्या कपड्यातला एक जण चेंडू घेऊन मागे सरकत होता, मी त्याच्याकडे बोट केलं. "हा." तेवढ्यात चौघांनी मिळून त्याला जमिनीवर आपटलं आणि तो त्यांच्याखाली दिसेनासा झाला. ताईचा कप ओठांपाशीच थांबला.

"लागलं का रे त्याला?"

"नाही," मी म्हणालो. "उठेल."

तो उठला, तेव्हा ताईने चहाचा घोट घेतला.